बुद्धिबळाचा पंच व्हायचंय? सांगलीतून ‘फिडे आर्बिटर’पर्यंतचा अर्ज, परीक्षा आणि कागदपत्रं

सांगलीत बुद्धिबळाचं वेड जुनं आहे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं, भाग्यश्री साठे, स्वाती घाटे यांच्यासारख्या खेळाडू इथं घडल्या. त्यामुळं पोरगं खेळतंय म्हटलं की सल्ला द्यायला दहा जण तयार असतात. पण रेटिंग, म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा, पंधराशेवर अडकलेल्या माणसाला याच खेळात पंच म्हणूनही उभं राहता येतं, हे सहसा कुणी सांगत नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पंच व्हायला मोठं रेटिंग लागत नाही. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, पंचांसाठीच्या नियमांत रेटिंगची अट नाही. लागतो तो नियमांचा पक्का अभ्यास, डिजिटल घड्याळ लावता येणं आणि वाचून समजेल, बोलता येईल इतकं इंग्रजी.

सुरुवात जिल्हा संघटनेकडून करा. शाळांच्या, गणेशोत्सवातल्या स्पर्धांत सहायक पंच म्हणून उभे राहा. यासाठी कुणी प्रमाणपत्र मागत नाही. पुढं अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाच्या दोन पायऱ्या आहेत, आधी नॅशनल आर्बिटर आणि मग सीनियर नॅशनल आर्बिटर. परीक्षेचं परिपत्रक निघालं की राज्य संघटनेमार्फत नाव द्यायचं. फी, तारीख, पात्रता त्या परिपत्रकातूनच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी जुनी पीडीएफ धरून बसू नका. आधार, जन्मतारखेचा पुरावा, फोटो, महासंघाची नोंदणी आणि फिडे आयडी एवढं एका फाइलमध्ये तयार ठेवा. नावाचं स्पेलिंग सगळीकडं एकच हवं. आधारवर वडिलांचं नाव मध्ये आणि फिडेच्या यादीत ते नाहीच, असं असेल तर अर्ज भरण्याआधीच दुरुस्त करून घ्या.

परीक्षेत काय विचारतात? नियम पाठ आहे का, यापेक्षा तो पटावर लावता येतो का, हे बघतात. समजा, एका मुलीनं हात वर केला: “सर, तीच स्थिती तिसऱ्यांदा येतेय, बरोबरी द्या.” पण चाल तिनं आधीच खेळून घड्याळ दाबलंय. मग त्या चालीवर तिचा दावा चालत नाही. चाल न खेळता गुणपत्रिकेवर, म्हणजे चाली लिहायच्या कागदावर, लिहायची आणि मग पंचाला सांगायचं, असा नियम आहे. दावा तपासून चुकीचा निघाला तर प्रतिस्पर्ध्याला 2 मिनिटं वाढवून द्यायची. तीच स्थिती पाचव्यांदा आली तर मात्र कुणी मागायची वाट न बघता पंचानं स्वतःच डाव बरोबरीत सोडवायचा. बेकायदा चालीचंही असंच. क्लासिकल, म्हणजे जास्त वेळाच्या, डावात पहिल्या चुकीला प्रतिस्पर्ध्याला 2 मिनिटं, त्याच खेळाडूची दुसरी चूक झाली की तो हरला. पण समोरच्याला कोणत्याही नियमातल्या चालींनी मात करणं शक्यच नसेल तर बरोबरी. हा ‘पण’ लिहायला बरेच जण विसरतात आणि तिथंच मार्क जातात.

फिडे आर्बिटर या किताबासाठी फिडेचा सेमिनार करावा लागतो आणि त्याच्या शेवटच्या परीक्षेत किमान 80 टक्के मिळवावे लागतात. सेमिनार ऑनलाइनही होतात, म्हणजे पुण्या-मुंबईला राहण्याचा खर्च वाचतो. त्याशिवाय फिडे रेटिंगच्या किमान 3 स्पर्धांत पंच म्हणून केलेलं काम, म्हणजे नॉर्म, दाखवावं लागतं. जलद आणि ब्लिट्झ (अतिजलद) स्पर्धांचा त्यात एकच नॉर्म धरतात, तेव्हा रविवारच्या एकदिवसीय स्पर्धांवर भिस्त ठेवू नका.

प्रत्येक नॉर्मचा एफए-1 फॉर्म असतो आणि त्यावर मुख्य पंचाची सही लागते. माझं ऐकाल तर फॉर्म घरूनच भरून न्या आणि शेवटच्या फेरीच्या दिवशी, बक्षीस समारंभाचा गोंधळ सुरू व्हायच्या आत सही घ्या. पुढच्या आठवड्यात मुख्य पंच दुसऱ्या राज्यात असतो आणि तुम्ही फोन लावत बसता. सगळे नॉर्म झाले की एफए-2 हा अर्ज भरायचा. तो तुम्ही थेट फिडेला पाठवत नाही, राष्ट्रीय महासंघ पाठवतो.

त्यापुढचा इंटरनॅशनल आर्बिटर हा किताब फिडे आर्बिटर झाल्यावरच मिळतो. त्याला 4 नॉर्म लागतात आणि तेही मोठ्या, ठरावीक प्रकारच्या स्पर्धांतले.

पैशांचं सरळ बोलायचं तर सुरुवातीची काही वर्षं यावर घर चालत नाही. मानधन स्पर्धेगणिक ठरतं आणि सांगली-साताऱ्याकडचे बरेच पंच शिक्षक, बँकेतले किंवा स्वतःचे क्लास चालवणारे आहेत. स्विस पद्धतीचं पेअरिंग, म्हणजे प्रत्येक फेरीत कुणाची गाठ कुणाशी हे ठरवणारं, सॉफ्टवेअर सफाईनं हाताळणाऱ्याला मात्र आयोजक शोधत येतात. पंच पुष्कळ मिळतात, फेरी वेळेवर लावणारे कमी.

आणखी एक. किताब मंजूर झाला तरी फिडेच्या पंच लायसन्सची फी वेगळी भरावी लागते. ती भरल्याशिवाय फिडे रेटिंगच्या स्पर्धेत त्या नात्यानं काम करता येत नाही, म्हणून अर्जाच्या खर्चात ती रक्कम आधीच धरून ठेवा.