भिंगात साचणारे कॅल्शियम आणि प्रयोगशाळेतील चाचणी: पार्श्वभूमी

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन काही वर्षे छान दिसते आणि मग पुन्हा अंधूक होऊ लागते. अशा वेळी पहिला संशय बसवलेल्या कृत्रिम भिंगामागच्या पातळ आवरणाच्या पडद्यावर (दृष्टिपटलावर नव्हे) जातो. तो लेसरने उघडता येतो. पण खुद्द भिंगातच कॅल्शियम फॉस्फेट साचले असेल, तर लेसर व्यर्थ जातो आणि भिंग काढून दुसरे बसवावे लागते. त्यामुळे दोष आधी प्रयोगशाळेत पकडणे फार मोलाचे आहे.

नेत्रशल्यविशारद हॅरॉल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात डोळ्यात बसवलेले पहिले कृत्रिम भिंग पीएमएमए या कडक प्लास्टिकचे होते. प्लास्टिकवर क्षार साचण्याचा प्रश्न ठळकपणे पुढे आला तो हृदयाच्या बाजूने. १९८० च्या आसपास अमेरिकेत वासरांत बसवलेल्या कृत्रिम हृदयांच्या पॉलियुरेथेन पडद्यांवर, विशेषतः सतत दुमडणाऱ्या जागी, खनिजाचे थर आढळले. निव्वळ प्लास्टिकलाही कॅल्शियम धरते, हे त्यातून दिसले.

दरवेळी जनावरांवर प्रयोग करणे शक्य नव्हते. १९९० च्या सुमारास क्योटो विद्यापीठात तादाशी कोकुबो यांनी रक्तद्रवासारखे द्रावण तयार केले: लिटरमागे कॅल्शियम २.५ आणि फॉस्फेट १ मिलिमोल, पीएच ७.४, तापमान ३६.५ अंश. ते बनवणे नाजूक काम आहे. भांडे गुळगुळीत प्लास्टिकचे हवे, कारण काचेवर किंवा ओरखड्यावर क्षार आपोआप धरू लागतात. द्रावण जरा गढूळले की ओतून द्यायचे आणि नव्याने सुरुवात करायची. कोकुबोंना हाडाशी एकजीव होणारे पदार्थ शोधायचे होते. पदार्थ या द्रावणात ठेवल्यावर त्यावर क्षारांचा थर धरला की त्यांच्या दृष्टीने तो चांगला. भिंगाच्या चाचणीत तोच थर नापसंतीचे कारण ठरतो.

घडी घालून छोट्या छेदातून आत जाणारी, पाणी धरणारी हायड्रोफिलिक अ‍ॅक्रिलिक भिंगे आली आणि १९९९ पासून ती गढूळ झाल्याची वृत्ते येऊ लागली. काढलेल्या भिंगांचे काप अ‍ॅलिझरिन रेड या रंगद्रव्याने रंगवले की कॅल्शियम लाल दिसते. काहींत ते पृष्ठभागावर होते, काहींत पृष्ठभागाखाली आत. हायड्रोव्ह्यू नावाच्या अशाच एका भिंगाच्या बाबतीत तर वेष्टनातील सिलिकोनवर बोट ठेवले गेले. माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची शिकवण आहे: केवळ पदार्थ तपासून भागत नाही, तो कशात बांधून येतो तेही तपासले पाहिजे.

भिंग द्रावणाच्या नुसत्या बाटलीत ठेवून हे सगळे उतरत नव्हते. बाटलीतले कॅल्शियम संपत जाते, डोळ्यात मात्र द्रव सतत नवा येतो. म्हणून द्रावण बदलत राहण्याच्या पद्धती आल्या. आतला साठा घडवण्यासाठी हायडेलबर्गच्या डेव्हिड अ‍ॅपल प्रयोगशाळेने विद्युत क्षेत्राच्या जोरावर आयन (विद्युतभारित कण) भिंगात ढकलण्याची रीत विकसित केली.

पुढे आणखी एक कारण उघड झाले. कॉर्नियाच्या आतल्या थराचे रोपण करताना डोळ्यात हवा किंवा वायू भरतात. त्यानंतर काही हायड्रोफिलिक भिंगांत नेमके बाहुलीसमोर कॅल्शियम साचले. म्हणून अशा रोपणाची शक्यता असलेल्या रुग्णाला मोतीबिंदूच्या वेळीच हायड्रोफोबिक, म्हणजे पाणी न धरणारे, भिंग बसवावे, असा सल्ला आता दिला जातो.