बटरफ्लाय जलतरणपटूची कारकीर्द आणि पाण्याचा हिशेब

खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मुले पोहायला शिकतात ती बहुधा शेतातल्या विहिरीत, मे महिन्याच्या सुट्टीत, पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधून. पाण्याची भीती जाणे, दम रोखून बुडी मारणे, सूर मारल्यावर दिशा न चुकता वर येणे हे त्यांना प्रशिक्षकाविना साधते, आणि हे भांडवल लहान नाही. मात्र हीच मुले बेळगावात गोवावेसच्या जलतरण तलावावर किंवा जेएनएमसीच्या (जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या) तलावावर स्पर्धेची तयारी करू लागली की बटरफ्लाय ही शैली त्यांना बहुधा सर्वांत उशिरा जमते. याचे कारण मुलांच्या जिद्दीत नसून पाण्याच्या गुणधर्मांत आहे. आणि या शैलीतील खेळाडूची कारकीर्द केव्हा बहरते, केव्हा अडखळते व किती लांबते, याचे बरेचसे उत्तरही तिथेच मिळते.

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असते. त्यातून पुढे जाणाऱ्या शरीराला होणारा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्या विरोधावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्क्यांनी वाढवायचा असेल तर शक्ती सुमारे ३३ टक्के अधिक खर्चावी लागते. फ्रीस्टाईलमध्ये एक हात पाणी ओढत असताना दुसरा पुढे येत असतो, त्यामुळे वेग बराचसा एकसारखा राहतो. बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकाच वेळी पाणी ओढतात आणि एकाच वेळी पाण्यावरून पुढे येतात. ते पुढे येत असताना वेग घसरतो, पुढच्या ओढीबरोबर पुन्हा उसळतो. समजा, एक जण सेकंदाला दीड मीटर या स्थिर वेगाने पोहतो, आणि दुसरा निम्मा वेळ दोन मीटर व निम्मा वेळ एक मीटर वेगाने. दोघे एकाच वेळी भिंतीला पोहोचतील, पण वरच्या घनाच्या नियमाने दुसऱ्याचा खर्च एक तृतीयांश अधिक होईल. निपाणीहून बेळगावला निघालेल्या ट्रकला वाटेत दर फर्लांगावर ब्रेक मारून पुन्हा वेग घ्यावा लागला, तर डिझेलचे जे होईल तेच येथे शरीराचे होते.

म्हणूनच या शैलीत कौशल्य म्हणजे प्रामुख्याने हा चढउतार कमी करणे होय. हातांच्या प्रत्येक फेरीला पायांचे दोन फटके असतात: एक हात पाण्यात शिरताना, दुसरा ओढ संपताना. दुसरा फटका वेळेवर बसला तर नितंब वर राहतात आणि हात बाहेर काढणे सोपे जाते. तो अर्ध्या क्षणाने चुकला तर शरीर तिरके होते, पाण्याला सामोरा जाणारा भाग वाढतो आणि खांद्यांना तो भार उचलावा लागतो. श्वासासाठी डोके गरजेपेक्षा जास्त वर काढले तरी हेच घडते. तलावाच्या शेवटच्या पंधरा मीटरमध्ये मूल जागच्या जागी धडपडताना दिसते, तेव्हा त्याची ताकद संपलेली असते हे खरे, परंतु ती संपण्याची सुरुवात फटक्याची वेळ चुकण्यापासून झालेली असते.

ही शैली मुळात ब्रेस्टस्ट्रोकच्या, म्हणजे बेडकासारखे पोहण्याच्या शैलीच्या, नियमांतील एका फटीतून निर्माण झाली. १९३० च्या दशकात काही अमेरिकी जलतरणपटू ब्रेस्टस्ट्रोक पोहताना हात पाण्यावरून पुढे आणू लागले. आयोवा विद्यापीठातील प्रशिक्षक डेव्हिड आर्मब्रस्टर आणि त्यांचा विद्यार्थी जॅक सीग यांनी त्याला माशाच्या शेपटीसारख्या फटक्याची जोड दिली. १९५२ मध्ये तिला स्वतंत्र शैली म्हणून मान्यता मिळाली आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये तिच्या पहिल्या शर्यती झाल्या. पुढे हाच फटका, म्हणजे डॉल्फिन किक, पाण्याखाली अधिक उपयोगी ठरतो हे ध्यानात आले. पृष्ठभागावर पोहणारे शरीर लाटा निर्माण करते आणि त्यात ऊर्जा जाते. पुरेशा खोलीवर हा तोटा जवळजवळ नाहीसा होतो. रशियाच्या डेनिस पांक्रातोव्हने सुरुवातीचे मोठे अंतर पाण्याखालूनच कापून १९९६ मध्ये अटलांटाला बटरफ्लायची दोन्ही सुवर्णपदके जिंकली. त्यानंतर १९९८ पासून सुरुवातीला व प्रत्येक वळणानंतर १५ मीटरच्या आत डोके पृष्ठभागावर येणे बंधनकारक झाले. आपल्या भागातील मुलांची बुडी मारण्याची सवय या १५ मीटरमध्ये खरोखर उपयोगी पडते. मात्र बुडीपूर्वी जोरजोराने श्वास घेण्याची खोड कटाक्षाने मोडली पाहिजे. त्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घेण्याची ऊर्मी उशिरा येते आणि ती येण्यापूर्वीच ऑक्सिजन संपून पाण्याखाली शुद्ध हरपू शकते.

कारकिर्दीचा पहिला कसोटीचा काळ वयात येण्याचा असतो. उंचीची मोठी झेप मुलींमध्ये सरासरी बाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास येते. हातपाय लांबतात, आणि कालपर्यंत अचूक बसणारा फटका आज उशिरा बसू लागतो. ज्यांची वाढ लवकर होते ती मुले बाराव्या वर्षी जिल्ह्याच्या व राज्याच्या स्पर्धांत पुढे असतात. उशिरा वाढणारी मुले अनेकदा सोळा-सतराव्या वर्षी त्यांना गाठतात. बाराव्या वर्षीच्या पदकांवरून मुलाचे भवितव्य ठरवणाऱ्या पालकांनी आणि प्रशिक्षकांनी ही गोष्ट मनावर घ्यावी, असे मला कळकळीने वाटते. लवकर शिखर गाठल्याची उदाहरणे आहेत. अमेरिकेच्या मेरी मेहरने १९८१ मध्ये, सोळाव्या वर्षी, १०० मीटर ५७.९३ सेकंदांत पूर्ण केले आणि तो विक्रम १९९९ पर्यंत टिकला. पण अशा अपवादावर शेकडो मुलांचा सराव आखता येत नाही.

दुसरी कसोटी खांद्याची. रोज पाच किलोमीटर पोहणाऱ्याचा प्रत्येक खांदा सुमारे दोन हजार वेळा फिरतो. खांद्याचा सांधा खोलगट खोबणीत घट्ट बसलेला नसतो; त्याला जागेवर धरून ठेवण्याचे बरेचसे काम चार लहान स्नायू करतात. त्यांपैकी वरच्या स्नायूचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) हाडाखालच्या अरुंद जागेतून जातो. स्नायू थकले की हाताच्या हाडाचे डोके किंचित वर सरकते आणि तो कंडरा घासला जातो. जलतरणपटूंच्या या दुखण्याला १९७४ पासून वैद्यकात स्वतंत्र नावच मिळाले आहे. बटरफ्लायमध्ये कंबरेच्या मणक्यांवरही वारंवार ताण येतो. त्यामुळे जाणते प्रशिक्षक या शैलीच्या खेळाडूचाही बहुतांश सराव फ्रीस्टाईलमध्ये करून घेतात. पूर्ण बटरफ्लाय ताजेतवाने असताना, कमी अंतराच्या तुकड्यांत करून घेतात, आणि उरलेला वेळ एका हाताने पोहणे, फळीशिवाय किक मारणे अशा सरावाला देतात. दमलेल्या मुलाकडून फेऱ्यांवर फेऱ्या करून घेतल्याने चिकाटी वाढते हा समज आपल्याकडे अजून बळकट आहे. प्रत्यक्षात त्यातून चुकीची हालचाल अंगवळणी पडते आणि खांदा लवकर कुरकुरू लागतो.

अंतरानुसार कारकिर्दीचा आकारही बदलतो. २०० मीटरची शर्यत सुमारे दोन मिनिटांची असते आणि तिच्यातील निम्म्याहून अधिक ऊर्जा ऑक्सिजनच्या साहाय्याने मिळते. हा पाया किशोरवयातच घातला जाऊ शकतो. मायकेल फेल्प्स १५ व्या वर्षी सिडनीत या अंतरावर पाचवा आला, पुढच्याच वर्षी त्याने विश्वविक्रम केला आणि २०१६ मध्ये रिओ येथे ३१ व्या वर्षी त्याच अंतराचे सुवर्ण पुन्हा जिंकले. २००८ मध्ये बीजिंगला १०० मीटरमध्ये तो अर्ध्या अंतरावर सातवा होता. शेवटी सर्बियाचा मिलोराद चाविच घसरत भिंतीकडे आला, तर फेल्प्सने हातांची आणखी अर्धी फेरी मारून ५०.५८ सेकंदांत, एक शतांश सेकंदाने बाजी मारली. न ओढता सरकणारे शरीर किती झपाट्याने मंदावते, याचा याहून ठळक पुरावा शोधून सापडणार नाही.

भारतात खजानसिंग टोकस यांनी १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत २०० मीटर बटरफ्लायचे रौप्य मिळवले, आणि त्यानंतरचे जलतरणातील पदक २४ वर्षांनी आले, तेही बटरफ्लायमध्येच. ते आणले आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनी: २०१० मध्ये ग्वांगझू येथे ५० मीटरचे कांस्य. पुढे ते शासकीय सेवेत तहसीलदार झाले, सरावात मोठा खंड पडला, तरीही २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाईलमध्ये त्यांचे पदक एका शतांश सेकंदाने हुकले. केरळचे साजन प्रकाश मानेच्या गंभीर दुखापतीतून उठून २०२१ मध्ये रोम येथे २०० मीटर १ मिनिट ५६.३८ सेकंदांत पोहले आणि ऑलिंपिकची थेट पात्रता वेळ गाठणारे पहिले भारतीय जलतरणपटू ठरले. तेव्हा ते २७ वर्षांचे होते.

खाडे यांनी ज्या शर्यतीत आशियाई पदक जिंकले ती ५० मीटर बटरफ्लाय त्यांच्या काळात ऑलिंपिकमध्ये नव्हतीच. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तिचा प्रथमच समावेश होत आहे, आणि त्यामुळे कारकिर्दीची गणिते बदलतील. बावीस-तेवीस सेकंदांच्या या शर्यतीत ऑक्सिजनच्या पुरवठ्यापेक्षा स्नायूंमध्ये साठलेली ऊर्जा आणि स्फोटक ताकद महत्त्वाची असते, आणि ही ताकद तिशीपर्यंत सहज टिकते. स्वीडनच्या सारा शोस्ट्रोमने ५० मीटरचा विश्वविक्रम २०१४ मध्ये विशीत केला आणि २०२३ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, याच अंतराचे विश्वविजेतेपद पुन्हा मिळवले. या शर्यतीत वळण नसते आणि पाण्याखालचे १५ मीटर म्हणजे एकूण अंतराचा जवळपास तिसरा हिस्सा असतो. त्यामुळे २०० मीटरचा दम ज्याच्या अंगात नाही, पण ठोकळ्यावरून झेप आणि पाण्याखालची किक ज्याची जोरकस आहे, अशा सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला यापुढे केवळ लांब अंतर जमत नाही म्हणून बटरफ्लाय सोडायला सांगण्याचे कारण उरलेले नाही.