गाडी चढालाच मिसिंग का मारते?

साताऱ्यातून यवतेश्वरच्या घाटाला लागलं, की जुन्या गाडीचं खरं दुखणं बाहेर येतं. पोवई नाक्यावर सिग्नलला उभी असताना तिची काहीच तक्रार नसते, पण चढाला ॲक्सिलरेटर दाबला की हिसके सुरू. यालाच मिसिंग म्हणतात: एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळायचं चुकतं. गॅरेजमध्ये मिस्त्री बोनेट उघडून रेस देतो, तर इंजिन व्यवस्थित फिरतं. मग अंदाजाने प्लग बदलले जातात, पुढच्या खेपेला वायरी, मग कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग), मग पेट्रोल पंप. पैसे जातात आणि मिसिंग तसंच राहतं. माझ्या मते यात मिस्त्रीचा दोष थोडाच आहे. खरी अडचण अशी, की हा बिघाड उभ्या गाडीत दिसतच नाही, आणि त्याला भौतिकशास्त्रातलं कारण आहे.

चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा जाळ व्हावा लागतो. त्यासाठी वेळेवर ठिणगी हवी, हवा-पेट्रोलचं प्रमाण बरोबर हवं (वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल) आणि पिस्टनने ते मिश्रण नीट दाबलेलं हवं. यातलं एक जरी चुकलं तरी तो फेरा वाया जातो.

आता ठिणगीकडे बघू. प्लगच्या दोन टोकांमध्ये जेमतेम मिलिमीटरभर फट असते. उघड्या हवेत तेवढी फट ओलांडायला तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. पण फ्रीडरिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्येच दाखवून दिलं होतं, की ठिणगीला लागणारं व्होल्टेज फटीच्या अंतरावर आणि वायूच्या दाबावर, म्हणजे या दोहोंच्या गुणाकारावर ठरतं. आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जवळपास बंद असतो, सिलिंडरमध्ये हवा कमी शिरते, दाब कमी राहतो. चढाला थ्रॉटल पूर्ण उघडला की हवा भरपूर शिरते, दाब कितीतरी वाढतो आणि दहा-पंधरा हजार व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त लागतात. प्लग झिजून फट वाढली असेल तर मागणी आणखी चढते. अशक्त कॉइल तिथे हात टेकते. म्हणून प्लग बाहेर काढून, इंजिनाला टेकवून, ‘बघा, ठिणगी पडतेय’ म्हणणं ही पुरेशी तपासणी नव्हे. दाबाखाली ती पडते का, हा खरा प्रश्न आहे.

विजेला आतून वाट मिळाली नाही, की ती बाहेरून शोधते. काढलेल्या प्लगचा पांढरा चिनी मातीचा भाग उन्हात धरून हळूहळू फिरवा. कधी कधी त्यावर वरून खालपर्यंत शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसते. वीज फट सोडून पृष्ठभागावरून बॉडीकडे पळाली, त्याची ती खूण. कार्बन वीज वाहून नेतो, त्यामुळे एकदा रेघ उमटली की पुढची प्रत्येक ठिणगी तोच सोपा रस्ता धरते. तशीच रेघ वायरीच्या किंवा कॉइलच्या रबरी टोपीच्या आतही असते. नवा प्लग त्याच जुन्या टोपीत बसवला तर काही दिवसांत त्यालाही रेघ पडते. ‘प्लग बदलले, पंधरा दिवस बरी चालली, परत तेच’ या तक्रारीमागे पुष्कळदा हे असतं. कासच्या बाजूला पावसाळ्यात धुक्यात गाडी जास्त मिसिंग मारते, तेव्हा तर आधी टोप्याच बघाव्यात.

कुठलाही पार्ट घेण्याआधी दोषी सिलिंडर हुडकायला हवा. कॉम्प्युटर असलेल्या गाडीत क्रँकचा, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचा, सेन्सर फिरण्याचा वेग सतत मोजत असतो. एखाद्या सिलिंडरचा धक्का चुकला, की क्रँक तेवढ्यापुरता मंदावतो आणि कोड नोंदला जातो. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०२ म्हणजे दुसरा. पण कोड फक्त जागा सांगतो, कारण सांगत नाही. कारणासाठी अदलाबदल करावी. पहिल्याची कॉइल तिसऱ्यावर घालायची. मिसिंग तिच्यामागून तिसऱ्यात गेलं तर कॉइल खराब, पहिल्यातच राहिलं तर कॉइल चांगली. मग हीच गोष्ट प्लगची, मग पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची. एका वेळी एकच वस्तू हलवायची, नाहीतर काहीच कळत नाही. मधल्या काळात चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर मात्र गाडी रेटू नये. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि तो आतून वितळू शकतो.

उलटं चित्रही असतं: आयडलिंगला मिसिंग आणि रेस दिली की बरी. तेव्हा इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या, तडकलेल्या पाइपातून चोरून हवा शिरत असण्याची शक्यता जास्त.

ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही ठीक असतील, तर कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये किती दाब तयार करतो ते, मोजावं. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा फारच कमी दाखवत असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजतात. आकडा वाढला तर पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्यात. ऑइलने त्यांची फट तात्पुरती भरली. वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हचा (सिलिंडरच्या झडपेचा) किंवा हेड गॅस्केटचा (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि सिलिंडर यांच्यामधल्या पट्टीचा). शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी असतील, तर त्या दोघांमधली गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा.

सातारा-सांगलीकडे एलपीजीवर चालणाऱ्या जुन्या ओम्नी अजून दिसतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. गॅसवर व्हॉल्व्हची बैठक लवकर झिजते. व्हॉल्व्ह हळूहळू आत सरकतो आणि टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा भाग यांच्यातली मोकळी जागा, कमी होत जाते. इंजिन गार असताना सगळं ठीक वाटतं, कॉम्प्रेशनही बरोबर येतं. तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते, फट उरत नाही, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि मिसिंग सुरू होतं. अशी गाडी गरम असतानाच कॉम्प्रेशनला लावावी आणि टॅपेटची फट मोजून घ्यावी. या टप्प्यावर नुसत्या सेटिंगने काम भागू शकतं. अर्धवट उघडा व्हॉल्व्ह तसाच चालवला तर त्याची कड जळते, आणि मग हेड उतरवावंच लागतं.