जेवणातली चरबी यकृतात कशी शिरते, आणि रक्त घेताना आम्ही जेवणाची वेळ का विचारतो

लिपिड प्रोफाइलसाठी (रक्तातले कोलेस्टेरॉल आणि इतर चरबी मोजणाऱ्या तपासणीसाठी) आपण रक्त द्यायला येता तेव्हा ‘शेवटचे खाणे किती वाजता झाले?’ हे आम्ही आवर्जून विचारतो आणि उत्तर नमुन्याच्या नोंदीत लिहितो. पोटात गेलेली चरबी रक्तातून यकृतापर्यंत पोहोचून तिथे जिरेपर्यंत अहवालातले काही आकडे स्थिर नसतात.

आतड्यातून रक्तात

साखर आणि प्रथिने पचली की आतड्यातून थेट यकृतात जातात. चरबीचे तसे नाही. आतड्याच्या पेशी पचलेल्या चरबीची पुन्हा ट्रायग्लिसराइड (चरबीचे नेहमीचे रूप) बनवतात, त्यात थोडे कोलेस्टेरॉल घालतात आणि अ‍ॅपो बी-48 या प्रथिनाभोवती त्याचे गोलसर कण बांधतात. हे कायलोमायक्रॉन. ते लसिकावाहिन्यांतून (लिम्फ वाहून नेणाऱ्या नळ्यांतून) छातीत चढतात आणि डाव्या खांद्याजवळच्या मोठ्या शिरेत रक्ताला मिळतात, म्हणजे पहिल्या फेरीत यकृत टाळूनच पुढे जातात. स्नायू आणि चरबीच्या ऊतींतल्या केशवाहिन्यांच्या आतल्या बाजूला लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइम बसलेले असते. ते कणांतली बहुतेक ट्रायग्लिसराइड काही मिनिटांतच काढून घेते. उरतो तो लहान, कोलेस्टेरॉलने दाट झालेला अवशेष-कण. यकृत उचलते ते हे अवशेष.

यकृताच्या दारात

यकृतातल्या सूक्ष्म रक्तमार्गांच्या भिंतींना साधारण 100 ते 150 नॅनोमीटरची भोके असतात. कायलोमायक्रॉन मात्र 75 पासून 1,200 नॅनोमीटरपर्यंत कोणत्याही आकाराचा असू शकतो. मोठा कण या भोकांतून जात नाही, तो आधी आटावा लागतो. लहान झालेला अवशेष भिंतीपलीकडच्या अरुंद पोकळीत उतरला की यकृतपेशीच्या अंगावरच्या हेपरान सल्फेटच्या साखळ्या त्याला धरून ठेवतात, आणि यकृताचे स्वतःचे लायपेज त्याला आणखी छाटते.

आता खरा प्रश्न ओळखीचा. कोलेस्टेरॉल वाहणारे एलडीएल कण पकडणारे यकृतपेशीवरचे प्रथिन म्हणजे एलडीएल रिसेप्टर. त्याला जो भाग पटतो तो पूर्ण लांबीच्या अ‍ॅपो बी-100 मध्ये असतो. अ‍ॅपो बी-48 हा त्याच प्रथिनाचा पहिला 48 टक्के तुकडा, आणि नेमका तो भाग त्यात नसतो. म्हणजे आतड्याने दिलेल्या प्रथिनावर या कणाला यकृतात प्रवेश नाही. वाटेत एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या) कणांकडून मिळालेले अ‍ॅपो ई हे प्रथिन त्याच्या कामी येते. एलडीएल रिसेप्टर आणि एलआरपी-1 हा यकृतपेशीवरचा दुसरा रिसेप्टर, हे दोन्ही अ‍ॅपो ई ओळखतात. कण चिकटला की पेशीचे आवरण तिथे आत खचते आणि कणासकट पुडी आत ओढली जाते. आतले आम्ल वाढले की एलडीएल रिसेप्टर सुटतो आणि पुन्हा पृष्ठभागावर येतो. एका फेरीला सुमारे 10 मिनिटे लागतात. कण लायसोसोममध्ये (पेशीतल्या पचनाच्या पिशवीत) जाऊन फुटतो, कोलेस्टेरॉल मोकळे होते आणि पित्तासाठी किंवा नव्या कणांसाठी वापरले जाते.

कुठे अडते

इन्सुलिन कमी पडले की लायपोप्रोटीन लायपेजही कमी होते, मग कण आटतच नाहीत. दुसरी अडचण अ‍ॅपो ईची. त्याचे ई-2, ई-3, ई-4 असे तीन प्रकार आहेत. ई-2 एलडीएल रिसेप्टरला जेमतेम चिकटतो. आई आणि वडील दोघांकडून ई-2 मिळालेल्या व्यक्तींतही बहुतेकांना त्रास होत नाही, कारण हेपरान सल्फेट आणि एलआरपी-1 बरेच काम उचलतात. पण जोडीला मधुमेह, लठ्ठपणा किंवा मंदावलेले थायरॉइड आले की अवशेष रक्तात साठतात. कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही जवळपास सारखेच वाढलेले दिसतात. तळहाताच्या रेषांत पिवळट पट्टे उठले तर ही खूण अजिबात दुर्लक्षू नका, डॉक्टरांना दाखवा.

अहवालात काय बदलते

जेवणानंतर ट्रायग्लिसराइड साधारण 3 ते 4 तासांनी शिखरावर असते. एलडीएलचा आकडा अनेकदा मोजलेला नसतो, तो सूत्राने काढलेला असतो: एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. एकूण 210, एचडीएल 45 आणि ट्रायग्लिसराइड 150 असेल तर एलडीएल 135. बाकी काही न बदलता जेवणामुळे ट्रायग्लिसराइड 200 झाले, तर तेच एलडीएल 125 दिसते. एलडीएल प्रत्यक्षात कमी झालेले नसते. सूत्राला कायलोमायक्रॉनची रचना कळत नाही, एवढेच. अवशेष साठलेल्या आजारात उलट घडते: ते कोलेस्टेरॉलने दाट असल्याने सूत्र एलडीएल जास्त दाखवते. म्हणून ट्रायग्लिसराइड 400 मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या वर गेले की सूत्राचे एलडीएल आम्ही छापत नाही. अशा वेळी एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून येणारा आकडा पाहावा. त्याच्यावर जेवणाचा परिणाम फार थोडा होतो, आणि अवशेषांतले कोलेस्टेरॉलही त्यात धरलेले असते.

नेहमीच्या तपासणीला जेवून आलात तरी बहुधा चालते. जेवणानंतरचे ट्रायग्लिसराइड 440 च्या वर आले तर 10 ते 12 तास उपाशी राहून पुन्हा नमुना द्यावा. पाणी प्यायला हरकत नाही. आदल्या दिवशी मद्य नको, त्याने ट्रायग्लिसराइड चढते. चालू औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत.

सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) दुधासारखे दिसले तर ते आम्ही रात्रभर 4 अंश सेल्सिअसला, न हलवता ठेवतो. वर सायीसारखा थर जमला तर ते कायलोमायक्रॉन. खालचा भागही गढूळ राहिला तर यकृताने बनवलेले व्हीएलडीएल कणही वाढलेले आहेत. 12 तासांच्या उपासानंतरही साय जमली तर ती कालच्या जेवणावर ढकलता येत नाही. ट्रायग्लिसराइड 1,000 च्या पुढे असेल तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, म्हणून असा निकाल आम्ही त्याच दिवशी फोनवरून कळवतो.