कोकणातील बेटांवरचे शरद ऋतूतील पक्षिनिरीक्षण

कोकण किनाऱ्यालगतच्या जलदुर्गांवर आणि खडकाळ बेटांवर आश्विन-कार्तिकात होडीने जाऊन वाटसरू स्थलांतरित पक्षी पाहणे. वाटसरू म्हणजे येथे हिवाळा न काढता पुढे आफ्रिकेकडे जाणारे पक्षी. त्यांच्या दृष्टीने ही बेटे अरबी समुद्रापूर्वीची शेवटची जमीन होय. शरद ऋतूत बेटांवर दुर्मिळ पक्षी शोधण्याची रीत युरोपात जुनी आहे. जर्मनीच्या हेल्गोलँड बेटावर १९१० पासून आणि स्कॉटलंडच्या फेअर आइलवर १९४८ पासून पक्षिवेधशाळा आहेत. कोकणात ही रीत हौशी निरीक्षकांपुरतीच राहिली आहे. एवढा लांब आणि बेटांनी भरलेला किनारा असताना हे खटकते.

काळ निवडण्यामागे कारणे आहेत. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला, तरी लाटांचा जोर बराच काळ उतरत नाही आणि जेटी नसलेल्या कातळावर उतरणे धोक्याचे असते. फेब्रुवारीनंतर समुद्र शांत असतो, पण तेव्हा बेटांवर पाखरांची वीण सुरू होते. मधल्या शरदात पाणी निवळते, घरटी रिकामी असतात आणि वाटसरू येऊन पोहोचतात. होडी पहाटे मतलई (जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या) वाऱ्यावर निघते. दुपारी खारा वारा सुटण्याआधी परतायचे असते, आणि याबाबत तांडेलाचा, म्हणजे होडीच्या प्रमुखाचा, शब्द शेवटचा मानावा.

मालवणसमोरचा सिंधुदुर्ग (पायाभरणी १६६४) माणसांनी गजबजलेला असल्याने निरीक्षक त्याला टाळतात. ते चुकीचे आहे. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या विहिरी आणि तटाआतली झाडे यांमुळे थकलेल्या कीटकभक्षी पक्ष्याला हवे ते सारे तेथे मिळते. ठिपकेदार माशीमार, लाल पाठीचा खाटीक, कुक्कू आणि युरोपीय नीलपंख हे या दिवसांत शोधावेत असे पक्षी आहेत. थळसमोरच्या खांदेरी जलदुर्गावरही झाडी आहे.

वेंगुर्ला रॉक्सचे स्वरूप अगदी निराळे आहे. निवतीसमोरच्या या उघड्या खडकांवर दीपगृह आहे, तर गुहांमध्ये भारतीय पाकोळ्या लाळेची घरटी बांधतात. ब्रिटिश पक्षितज्ज्ञ ॲलन ह्यूम यांनी १८७५ च्या लक्षद्वीप सफरीत ही बेटे पाहिली होती. पुढे घरट्यांची चोरी उघडकीस आली आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने संरक्षणाचे काम हाती घेतले. म्हणून विणीच्या काळात येथे पाऊल ठेवूच नये. शरदातही गुहेत न शिरता सुरय, कुरव आणि समुद्र गरुड होडीतूनच पाहावेत.

हंगामाच्या अखेरीस अमूर ससाणे येतात. सैबेरिया आणि उत्तर चीनकडून नागालँडमार्गे आलेला हा लहानसा शिकारी पक्षी अरबी समुद्रावरचे सुमारे ३,००० किलोमीटर न थांबता कापतो. वाटेत त्याच दिशेने जाणारे चतुर त्याचे अन्न असावेत, असे मानले जाते. त्याच्यासाठी झाडी धुंडाळून उपयोग नाही. किल्ल्याच्या तटबंदीवर पश्चिम बाजूस बसून दूरबीण आभाळाकडे लावावी लागते.