जिरॅनियम, बहुवर्षायू (निसर्गबागेतील)

थंड प्रदेशातील, जमिनीलगत झुबक्याने वाढणाऱ्या फुलझाडांचा गट. कुल जिरॅनिएसी, प्रजाती जिरॅनियम. या प्रजातीत चारशेच्या आसपास जाती असून त्यांतील बऱ्याचशा बहुवर्षायू आहेत. हिवाळ्यात वरचा पाला वाळतो, जमिनीतला गड्डा तग धरून राहतो आणि बर्फ वितळला की पुन्हा फुटतो. यूरोपातील निसर्गबागांत, म्हणजे वाफे आखून न घेता झाडांना आपापल्या चालीने पसरू देणाऱ्या बागांत, झुडपांच्या पायथ्याची उघडी जमीन झाकायला ही झाडे फार वापरतात. कोल्हापुरात मात्र ती जमिनीत बारमाही टिकवणे जवळजवळ अशक्य आहे.

आधी नावाचा घोळ सोडवलेला बरा. कोल्हापूरच्या कोणत्याही नर्सरीत ‘जिरॅनियम’ मागितले तर जाडसर दांड्याचे, गोल पानांचे, लाल किंवा गुलाबी गुच्छाचे कुंडीतले रोप हातात पडते. ते पेलार्गोनियम. शेतकऱ्याला विचारले तर तो तेलाच्या जिरॅनियमबद्दल बोलू लागतो: पाला कापायचा, वाफेवर ऊर्ध्वपातन करायचे आणि तेल अत्तरवाल्यांना विकायचे. तेही पेलार्गोनियमच. दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेतली. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये सगळ्यांना जिरॅनियम या एकाच नावाखाली घातले होते. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए याने केलेली पेलार्गोनियमची फारकत १७८९ मध्ये छापून आली. सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला, पण नर्सरीतली पाटी काही बदललेली नाही.

खरे जिरॅनियम ओळखायला फूल समोरून पाहावे. पाच पाकळ्या, पाचही सारख्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या मांडलेल्या, पुंकेसर दहा. पेलार्गोनियममध्ये वरच्या दोन पाकळ्यांचा आकार किंवा रंग खालच्या तिघींपेक्षा निराळा असतो. फूल गळल्यावर राहणारे लांब चोचीसारखे फळ दोघांनाही येते. जिरॅनियम हे नाव क्रौंचाच्या ग्रीक नावावरून आले, तर पेलार्गोनियम करकोच्याच्या. खऱ्या जिरॅनियममध्ये ही चोच वाळताना आतला ताण वाढत जातो आणि एका क्षणी पाच पट्ट्या बुडातून सुटून वरच्या बाजूला गुंडाळल्या जातात. प्रत्येक पट्टीच्या टोकाला वाटी, वाटीत एक बी. पट्टी उसळली की बी दूर फेकले जाते. शेतात पाखरे राखणाऱ्याने गोफण फिरवावी, तसलाच हा प्रकार.

बी उडवण्याची अशीच खोड आपल्या तेरड्याला आहे. पिकलेल्या बोंडाला नुसते बोट लागले तरी त्याच्या पाच फाका आत वळतात आणि बी हातावर उडते. एकोणिसाव्या शतकातल्या बेंथॅम आणि हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांच्या वर्गीकरणात तेरडा आणि कुंडीखाली आपोआप उगवणारी आंबुशी, दोन्ही जिरॅनियमच्याच कुलात होती. आज दोघांची कुले वेगळी मानतात. तेरड्याचे नाते तर आता चहाच्या झाडाशी अधिक जवळचे ठरले आहे. म्हणजे गौर म्हणून पाणवठ्यावरून वाजतगाजत घरी येणारा तेरडा कधीकाळी पुस्तकात तरी जिरॅनियमचा भाऊबंद होता.

भारतात खरी जिरॅनियम आहेत, पण उंचावर. वालिचियानम ही जात हिमालयात साधारण २,४०० ते ३,६०० मीटरांवर आढळते. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तराखंडातल्या फुलांच्या घाटीत जाऊन आलेल्या मराठी ट्रेकरांच्या फोटोंत जांभळट-गुलाबी, पांढरट मध्याचे फूल हमखास असते, ते बहुधा हेच. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख राहिलेले नॅथॅनिएल वालिच यांचे नाव तिला मिळाले आहे. नेपालेन्स ही छोटी जात हिमालयाप्रमाणे दक्षिणेत निलगिरीच्या उंचीवरही आहे. सध्या जगभर सर्वांत नावाजलेला वाण ‘रोझान’ हा वालिचियानम आणि हिमालयेन्से या दोन हिमालयी जातींचा संकर. तो इंग्लंडमधील सॉमरसेटच्या एका घरगुती बागेत सापडला आणि २००० मध्ये बाजारात आला. त्याला बी धरत नाही, म्हणून तो महिनोन्‌महिने फुलत राहतो.

इंग्रजी बागकामात या झाडांना ‘हार्डी’ म्हणतात. तिथे त्याचा अर्थ गोठवणाऱ्या थंडीत न मरणारे, इतकाच. आपण त्याचे भाषांतर ‘काटक’ असे करतो आणि फसतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ३७-३८ अंशांवर जातो, डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान १४-१५ अंशांच्या आसपास राहते. म्हणजे गड्ड्याला हवी तशी झोप कधी मिळतच नाही. उन्हाळ्यातल्या गरम रात्री झाडाने दिवसा साठवलेले अन्न संपवतात. त्यानंतर येतो जुलै. पाऊस हा या झाडांचा शत्रू नव्हे, हिमालयातही पावसाळा असतोच; पण तिथे पाणी गार असते आणि उतारावरून निघून जाते. इथे पंचगंगेकाठची काळी माती ऊबदार आणि चिंब अशी आठवडेच्या आठवडे राहते. गड्डा बुडाशी तपकिरी होतो, हलके ओढले की पाला सरळ हातात येतो आणि नासका वास येतो. मग औषध फवारून उपयोग नसतो.

तरीही हौस असेल तर हे झाड हंगामी म्हणून, कुंडीत लावावे. पन्हाळ्यासारख्या उंच जागी थोडे अधिक साधते. परतीचा पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरअखेरीस लागवड करावी. पसरट कुंडीत लाल माती, बारीक मुरूम आणि चाळलेले कुजके शेणखत सारख्या प्रमाणात घ्यावे. तळाचे भोक विटेच्या तुकड्याने झाकावे, बुजवू नये. सकाळचे ऊन आणि दुपारनंतर सावली अशी पूर्वेची जागा उत्तम. बियांपासून वाढवायचे तर बियांचे कवच टणक असते, म्हणून ते खरखरीत कागदावर हलकेच घासावे आणि बी ओल्या वाळूत घालून फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात नव्हे, चार ते सहा आठवडे ठेवावे. जाती निवडताना सँग्विनियम त्यातल्या त्यात बरी, ती कोरडेपणा सोसते. मॅक्रोऱ्हायझमची पाने चुरगळली की उग्र वास येतो. ती कोरड्या सावलीत चालते. फेब्रुवारीनंतर फुलांची आशा सोडावी.

निसर्गबागेचा खरा प्रश्न मात्र वेगळा आहे. त्या बागेत जिरॅनियमचे काम काय, तर एक ऋतू जमिनीखाली दडून काढायचा, नेमक्या वेळी वर यायचे आणि मोठ्या झाडांखालची माती झाकायची. हे काम सह्याद्रीतल्या कितीतरी वनस्पती करतातच, फरक एवढाच की त्या हिवाळा-उन्हाळा झोपतात आणि पावसाला जाग्या होतात. वळवाच्या दोन सरी झाल्या की रानहळदीचे कोंब मातीतून वर येतात आणि मृग सरता सरता गुलाबी-पिवळे तुरे दिसू लागतात. पेव सावलीत पुरुषभर वाढतो. लालसर कणसातून त्याची पांढरी, क्रेप कागदासारखी फुले एकेक करून उमलतात. कळलावी पानांच्या टोकाच्या तणाव्यांनी कुंपणावर चढते. दिवाळीनंतर ही सगळी पिवळी पडून मातीआड जातात आणि बाग ओसाड दिसते. ते तसेच असू द्यावे; शहरातला माळी नेमका याच वेळी कुदळ घेऊन ‘रिकामी’ जागा खणतो आणि कंद तोडतो. कंद आहे तिथे बांबूची काडी रोवून ठेवली तर हे टळते.

ही रोपे रानातून उपटून आणू नयेत, बी किंवा रोपवाटिकेतला कंद घ्यावा. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात कंदिलपुष्पांसारख्या, जमिनीत कंद धरणाऱ्या दुर्मीळ जाती जपल्या आहेत, तिथे हे कंदवर्गीय जीवन जवळून पाहता येते. आच्छादनाला कोल्हापूरइतकी सोय क्वचितच कुठे असेल: गळीत हंगामात उसाची पाचट फडाफडांतून पडलेली असते. ती चार बोटे जाड पसरावी, फक्त कोंबाभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी, नाहीतर पावसात तीच कूज धरते. कळलावी लावायची तर लहान मुले आणि जनावरे पोहोचणार नाहीत अशीच जागा निवडावी. तिच्या सर्वांगात, विशेषतः कंदात, कोल्चिसीन हे जहाल विष असते आणि कंद दिसायला रताळ्यासारखा असतो.