एमसी-टू विश्वातील दुय्यम पात्रे

एमसी-टू हे मार्व्हल कॉमिक्सच्या मूळ कथाविश्वातून फुटलेले एक पर्यायी भविष्य आहे. मार्व्हलच्या गणतीत त्याचा क्रमांक पृथ्वी-९८२. मूळ विश्व जिथे होते तिथून साधारण पंधरा वर्षे पुढे गेलेला हा काळ. स्पायडर-मॅन निवृत्त झाला आहे, ॲव्हेंजर्सचा जुना संघ मोडला आहे आणि नायकांची मुले शाळा-कॉलेजात जाऊ लागली आहेत. हे विश्व ओळखले जाते ते स्पायडर-गर्ल या मालिकेमुळे. तरी त्याचे खरे वेगळेपण शोधायचे तर नायिकेच्या आजूबाजूला पाहावे लागते. मूळ मालिकांमध्ये चार अंक येऊन गेलेली, मारून टाकलेली किंवा लेखक बदलल्यावर विसरली गेलेली कितीतरी पात्रे इथे मोठी झाली, पोटापाण्याला लागली, त्यांची लग्ने झाली, काहींचे घटस्फोटही झाले. नोंदीचा भर या पात्रांवर आहे.

उगम

या विश्वाची सुरुवात एका हरवलेल्या बाळापासून होते. १९९६ च्या अखेरीस अमेझिंग स्पायडर-मॅनच्या ४१८ व्या अंकात पीटर पार्कर आणि मेरी जेन यांची मुलगी जन्मतःच गेली असे दाखवले गेले. स्पायडर-मॅनचा वैरी नॉर्मन ऑस्बॉर्न, म्हणजे ग्रीन गॉब्लिन, याचा त्यात हात असल्याचे सूचित करणारे धागे मागे ठेवण्यात आले, पण मूळ मालिकेने ते पुढे नेऊन बाळाला घरी आणले नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘व्हॉट इफ’ या मालिकेच्या १०५ व्या अंकात लेखक टॉम डीफाल्को आणि चित्रकार रॉन फ्रेन्झ यांनी तो धागा उचलला. ती मुलगी जगली असती तर? उत्तर असे: ती पंधरा वर्षांची आहे, शाळेत बास्केटबॉल खेळते, आणि बापाने एकेकाळी काय केले याचा तिला पत्ता नाही. बापाचा एक पाय शेवटच्या लढाईत गेला आहे आणि तो आता पोलिसांच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत नोकरी करतो.

ही मुलगी म्हणजे मे पार्कर, पुढची स्पायडर-गर्ल. ती पहिल्यांदा भिंतींवर चढते तेव्हा तिच्या अंगावर कपडे असतात ते बेन रायलीचे. बेन हा पीटरचा क्लोन. १९९४ ते १९९६ दरम्यान चाललेल्या आणि वाचकांचा संयम संपवणाऱ्या क्लोन-प्रकरणातले हे पात्र १९९६ च्या शेवटी मारले गेले आणि त्या प्रकरणाचे नावही काढायला पुढे कोणी उत्सुक नव्हते. त्याच बेनचा पोशाख नव्या नायिकेचा पोशाख झाला. सगळ्या एमसी-टूचा स्वभाव या एका निवडीत दिसतो: मूळ घरात अडगळ ठरलेली वस्तू इथे जपून वापरली जाते.

तो अंक एकटाच निघायचा होता. त्याला मिळालेल्या प्रतिसादामुळे ऑक्टोबर १९९८ मध्ये स्पायडर-गर्ल, ए-नेक्स्ट (नव्या ॲव्हेंजर्सची) आणि जे-टू अशा तीन मालिका एकदम सुरू झाल्या.

भविष्यकथांची रीत

सुपरहिरो कॉमिक्समध्ये भविष्यकाळ म्हटले की दुय्यम पात्रांच्या वाट्याला बहुधा थडगे येते. १९८१ मध्ये अनकॅनी एक्स-मेनच्या १४१ व्या अंकाचे मुखपृष्ठ गाजले ते यासाठीच. प्रौढ वुल्व्हरिन आणि केट प्राइड प्रकाशझोतात भिंतीला पाठ लावून उभे आहेत. मागच्या पोस्टरवर साथीदारांचे चेहरे, आणि त्या चेहऱ्यांवर आडव्या पट्ट्या: ठार, पकडला, ठार. भविष्य किती वाईट आहे हे वाचकाला एका नजरेत कळावे म्हणून ही माणसे खर्ची घातलेली असतात. त्यांचा मृत्यू ही पार्श्वभूमी असते, गोष्ट दुसऱ्याच कुणाची. ही पद्धत परिणामकारक आहे यात वाद नाही, आणि तो अंक आजही अंगावर येतो. पण पुढे तिचा साचा झाला. एमसी-टू त्या साच्याच्या बाहेर राहिले म्हणून त्याची वेगळी नोंद घ्यायची.

केव्हिन मास्टरसन

सर्वांत बोलके उदाहरण केव्हिनचे. त्याचे वडील एरिक मास्टरसन हे डीफाल्को आणि फ्रेन्झ यांनीच १९८८ मध्ये थॉरच्या मालिकेत आणलेले पात्र. पेशाने वास्तुविशारद, घटस्फोटित, लहान मुलाचा ताबा टिकवण्यासाठी धडपडणारा बाप. पुढे त्याला थंडरस्ट्राइक नावाची मंतरलेली गदा मिळाली आणि त्याच नावाची मालिकाही. १९९५ मध्ये २४ व्या अंकात मालिका बंद झाली आणि त्याच अंकात एरिक मेला. मुलाचे काय झाले, हा प्रश्न मूळ विश्वाने बरीच वर्षे विचारला नाही.

ए-नेक्स्टचा पहिला अंक नेमका याच प्रश्नापासून सुरू होतो. ॲव्हेंजर्सचा जुना कारभारी एडविन जार्व्हिस अजून त्या रिकाम्या वाड्याची देखभाल करतो आहे. तो केव्हिनला बोलावून घेतो, कारण त्याच्याकडे एक ठेव आहे. बापाची गदा वयात आलेल्या मुलाच्या हाती द्यायची आहे. आपल्याकडे गेलेल्या माणसाचे घड्याळ किंवा अंगठी घरातले वडीलधारे जपून ठेवतात आणि योग्य वेळी मुलापुढे ठेवतात, तसाच हा प्रसंग आहे. लोकीचे राक्षस गदा पळवायला येतात, झटापट होते, आणि गदेतली शक्ती केव्हिनच्या अंगात उतरते. हल्ल्याच्या निमित्ताने जमलेल्या तरुणांचा मग नवा संघ बनतो. एका नोकराचा प्रामाणिकपणा आणि एका पोरक्या मुलाचा वारसा यांवर नव्या ॲव्हेंजर्सची उभारणी व्हावी, हे मला या साऱ्या प्रकल्पातले सर्वांत सुंदर पान वाटते.

मूळ विश्वात केव्हिनकडे ती गदा आली ती २०१०-११ च्या एका छोट्या मालिकेत, म्हणजे बारा वर्षांनी. ती मालिकाही डीफाल्को आणि फ्रेन्झ यांचीच होती.

फिल युरिक

फिल हा पत्रकार बेन युरिकचा पुतण्या. १९९५-९६ मध्ये ग्रीन गॉब्लिन नावाची एक मालिका निघाली होती, १३ अंकांत संपली. तिच्यात हिरवा मुखवटा पहिल्यांदाच एका भल्या, जरा आळशी, चुकत शिकणाऱ्या पोराच्या तोंडावर होता. तिचा लेखकही डीफाल्कोच. एमसी-टूमध्ये फिल प्रौढ झाला आहे आणि पीटरसोबत त्याच प्रयोगशाळेत काम करतो. मे कोण आहे हे ओळखून तो तिला सांभाळून घेतो, शिकवतो, आणि जुना मुखवटा पुन्हा चढवावा का या मोहाशी झगडत राहतो. चढवतो तेव्हा अपयश येते, मार बसतो. तरी माणूस म्हणून तो घसरत नाही.

मूळ विश्वाने त्याच फिलचे काय केले हे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. २०१० च्या अखेरीस त्याला नवा हॉबगॉब्लिन बनवले गेले, खुनी आणि विकृत. कथेला त्या वेळी खलनायक हवा होता आणि हाताशी एक रिकामे नाव होते. असा बदल कथेच्या गरजेने होतो हे मान्य, पण त्या १३ अंकांतला मुलगा ज्यांनी वाचला होता त्यांना ते लागले. पृथ्वी-९८२ वरचा फिल त्यांच्यासाठी तोच राहिला.

नॉर्मी ऑस्बॉर्न आणि ब्रेंडा ड्रॅगो

नॉर्मीचा जन्म १९८५ मध्ये अमेझिंग स्पायडर-मॅनच्या २६३ व्या अंकात झाला. आजोबा पहिला ग्रीन गॉब्लिन, बाप दुसरा. मूळ विश्वात काळ गोगलगायीच्या गतीने चालतो, त्यामुळे २०१८ च्या कथांमध्येही नॉर्मी लहान मुलगाच होता. एमसी-टूमध्ये त्याला वय मिळाले. तो प्रथम येतो तो पार्कर घराण्यावर सूड घ्यायला निघालेला, ऑस्बॉर्नांतला तिसरा गॉब्लिन म्हणून. मेच्या हातून मरण ओढवून घ्यायचीही त्याची तयारी असते. ती त्याला मारत नाही, उलट त्याचा पिच्छा पुरवते, मैत्रीचा हात काढून घेत नाही, आणि हळूहळू तो वळतो. ही सुधारणा एका अंकात उरकलेली नाही, आणि तिचे बळ त्यातच आहे. नंतर व्हेनमचा परजीवी जीव नॉर्मीला चिकटवला जातो. नॉर्मी त्याच्याशी झुंजून त्यालाही बदलतो, आणि स्पायडर-गर्लच्या १०० व्या अंकात तो जीव हॉबगॉब्लिनपासून मे पार्करला वाचवताना मरतो.

नॉर्मीची बायको ब्रेंडा ड्रॅगो. तिचे आडनाव बारकाईने वाचणाऱ्यालाच ओळखू येते. तिचा बाप ब्लॅकी ड्रॅगो हा दुसरा व्हल्चर. १९६७ मध्ये त्याने तुरुंगातल्या सोबत्याकडून, म्हणजे पहिल्या व्हल्चरकडून, पंखांचे गुपित काढून घेतले आणि पुढच्याच वर्षी त्याच म्हाताऱ्याकडून हार खाल्ली. इतिहासात त्याची जागा तळटीपेएवढी. त्याची मुलगी रॅप्टर या नावाने चोऱ्या करत कथेत येते, मेशी लढता लढता तिची मैत्रीण होते आणि ऑस्बॉर्नांची सून. दोन खलनायकी घराण्यांतली ही दोन मुले संसार मांडतात तेव्हा तीस वर्षांपूर्वीच्या त्या टाकाऊ पात्राला अचानक मागेपुढे काही नाते मिळते.

केन आणि रायली टाइन

क्लोन-प्रकरणातला दुसरा क्लोन, चेहरा विद्रूप झालेला केन, हा मूळ कथेत मारेकरी होता. इथे नॉर्मनच्या हस्तकाकडून बाळाला सोडवून पार्करांच्या हाती देणारा तोच. म्हणजे हे सारे विश्व ज्या एका कृतीवर उभे आहे ती कृती एका दुय्यम खलनायकाची. बेन रायलीलाही इथे मुलगा आहे, रायली टाइन, जो डार्कडेव्हिल या नावाने वावरतो. क्लोनच्या शरीरातला बिघाड त्याच्याही वाट्याला आला. केनने त्याला बरे करण्यासाठी केलेल्या खटपटीत एक राक्षस आणि मृत डेअरडेव्हिलचा आत्मा असे दोघेही त्याच्याशी जोडले गेले. गुंतागुंतीची कथा आहे आणि २००० साली निघालेल्या तीन अंकांच्या मालिकेत ती मावता मावत नाही.

इतर

कॅसी लँग १९७९ मध्ये आली ती आजारी मुलगी म्हणून; तिच्या उपचारासाठी बाप स्कॉट लँगने अँट-मॅनचा पोशाख चोरला. एमसी-टूमध्ये ती कीटकशास्त्रज्ञ आहे आणि स्टिंगर या नावाने नव्या संघातली जाणती, थोडी कडक सदस्य. मूळ विश्वात ती २००५ नंतर नायिका झाली, २०१२ मध्ये डॉक्टर डूमच्या हातून मेली आणि दोन वर्षांनी परत आणली गेली.

फ्लॅश थॉम्पसन, पीटरला शाळेत छळणारा मुलगा, इथे त्याच शाळेत खेळ शिकवतो. फेलिशिया हार्डी म्हणजे ब्लॅक कॅटशी त्याने लग्न केले आणि ते मोडले. त्यांची मुलगी फेलिसिटी स्कार्लेट स्पायडर बनून मेच्या मागे लागते. मूळ विश्वात फ्लॅशने युद्धात दोन्ही पाय गमावले आणि २०१८ मध्ये तो मेला. उसळणारा विनोदी स्पीडबॉल, डीफाल्को आणि स्टीव्ह डिटको यांचे १९८८ चे पात्र, इथे हसतमुख मोठा झाला. तिकडे २००६ च्या ‘सिव्हिल वॉर’नंतर त्याला आतून काटे असलेला पोशाख घालून प्रायश्चित्त घेत फिरावे लागले. एक्स-मेनमधली जुबिली इथे एक्स-पीपल नावाच्या संघाची प्रमुख आहे. जगरनॉट म्हणजे केन मार्को सुधारून एक्स-मेनमध्ये गेला आणि मग बेपत्ता झाला. त्याचा किडकिडीत मुलगा झेन यामा थोडा वेळ त्या अवाढव्य रूपात जाऊ शकतो, हीच जे-टूची गोष्ट. पीटरचा जुना संपादक जोना जेमसन याचा नातू जॅक ‘द बझ’ झाला. ॲलिशिया नावाच्या बाईचे सोंग घेऊन फँटॅस्टिक फोरमधल्या जॉनी स्टॉर्मशी लग्न करणारी, रूप बदलणाऱ्या स्क्रल या परग्रही जमातीतली लायजा इथे त्याची खरीखुरी बायको आहे, त्यांना टोरस नावाचा मुलगा आहे आणि ती फँटॅस्टिक फाइव्हची सदस्य आहे.

मर्मे आणि मर्यादा

वरच्या यादीत एक गोष्ट वारंवार येते. एरिक मास्टरसन, फिल, नॉर्मी, स्पीडबॉल ही पात्रे डीफाल्को यांनी स्वतः घडवलेली किंवा घडवण्यात वाटा असलेली. लायजालाही स्क्रल म्हणून त्यांनीच १९९१ मध्ये उघड केले होते. १९८७ ते १९९४ ते मार्व्हलचे मुख्य संपादक होते. त्या काळात आणि लगेच पुढे ज्या गोष्टी अर्धवट राहिल्या त्या त्यांनी इथे पुऱ्या केल्या. एमसी-टू वाचताना भविष्याची कल्पना वाचतो असे कमी वाटते. एक लेखक आपली मागे राहिलेली माणसे घरी घेऊन येतो आहे, असे जास्त वाटते.

वारशाची कल्पना मराठी वाचकांना इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळामुळे ठाऊक आहे. पण वेताळाच्या एकवीस पिढ्यांमध्ये मुखवटा तोच राहतो आणि माणसे त्यामागे विरघळून जातात. एमसी-टूमध्ये उलटे होते. मुखवटे बदलतात, नाती ठळक राहतात.

उणिवाही आहेत. प्रत्येक जण कुणाचा तरी मुलगा किंवा पुतणी असल्यामुळे जग फार लहान वाटते. पूर्ण नव्या पात्रांना जागा कमी मिळाली. अमेरिकन ड्रीम, म्हणजे शॅनन कार्टर, हिच्यासारखे ठसणारे नवे पात्र विरळा, आणि तिच्याही आडनावात जुने नाते आहेच, कॅप्टन अमेरिकेची साथीदार शॅरन कार्टर हिच्याशी. संवाद १९८० च्या वळणाचे, विचार-फुग्यांनी भरलेले. ज्याने मूळ अंक वाचलेले नाहीत त्याला ड्रॅगो या आडनावाने काहीच होत नाही.

प्रकाशन

ए-नेक्स्ट आणि जे-टू प्रत्येकी १२ अंकांनी संपल्या. त्यांच्या जागी आलेल्या फँटॅस्टिक फाइव्ह आणि वाइल्ड थिंग पाच-पाच अंकांत आटोपल्या. स्पायडर-गर्ल बंद करण्याचा निर्णय एकापेक्षा जास्त वेळा झाला आणि वाचकांनी पत्रे लिहून तो फिरवला. पॅट ऑलिफ आणि नंतर फ्रेन्झ यांच्या चित्रांसह ती २००६ मध्ये १०० व्या अंकापर्यंत पोचली. स्त्री-नायिका असलेल्या मार्व्हलच्या कोणत्याही सुपरहिरो मालिकेने तोवर एवढा पल्ला गाठला नव्हता. अमेझिंग स्पायडर-गर्ल २००९ पर्यंत चालली आणि २०१० मध्ये ‘स्पायडर-गर्ल: द एंड’ निघाले. पीटर आणि मेरी जेन यांना दरम्यान मुलगाही झाला. त्याचे नाव त्यांनी बेंजामिन ठेवले.